अंधारीकाठचा पंचनामा

चांद्याहून (चंद्रपूरला आमच्याकडची माणसं अजून चांदाच म्हणतात) पोंभुर्ण्याकडे जाणारी सकाळची पहिली एसटी सुटली, तेव्हा आमच्या भटकंती मंडळाचे अकरा जण तिच्यात होते, आणि त्या अकरांत सर्वांत आनंदात मी होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं आनंदाचं फार काही नाही.

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. मी चांद्यातल्या एका खासगी शाळेत भूगोल शिकवत होते. नोकरीचं दुसरं वर्ष होतं, अजून कायम झाले नव्हते. माझं गाव सावलीजवळचं. वडिलांची सगळी हयात दुसऱ्याच्या बांधीत (धानाच्या शेतात) चिखल तुडवण्यात गेली. छप्पन्नला दीक्षा घेतल्यावर त्यांनी घरातल्या बाकी पुष्कळ गोष्टी सोडून दिल्या आणि एक धरून ठेवली, पोरगी शिकली पाहिजे. मी मास्तरीण झाले तेव्हा ते गावात आठ दिवस धुतलेलं धोतर नेसून हिंडले होते.

मंडळ काढलं होतं आमच्या वकीलसाहेबांनी. शहरात त्यांचं नाव होतं, कोर्टात वजन होतं, आणि आमच्या शाळेच्या संचालकांतही ते होते. महिन्यातून एका रविवारी पाच-दहा माणसं गोळा करून ते रानात पायी फिरायला जात. एकदा शिक्षकांच्या खोलीत येऊन ते सगळ्यांसमोर म्हणाले, "रामटेकेबाई, तुम्ही भूगोल शिकवता आणि फिरता मात्र नकाशात. या की आमच्याबरोबर." मी त्याच संध्याकाळी कॅनव्हासचे बूट आणले. आमच्या घराण्यात रानात पायी हिंडण्यासाठी खास बूट घेणारी मी पहिलीच. बाकीचे रानात गेले ते सरपणाला आणि टेंबरं (तेंदूची फळं) वेचायला.

बेत असा होता. पोंभुर्ण्याच्या अलीकडे उतरायचं, अंधारी नदीच्या काठाकाठानं खाली चालत जायचं आणि दुपार कलेपर्यंत ती वैनगंगेला मिळते तिथं पोचायचं. चारेक कोसांची चाल. संगमाजवळच्या गावातून परतीची एसटी मिळणार होती. स्वयंपाकाची भांडी रहीमभाईंच्या पिशवीत होती. रहीमभाई जटपुरा गेटाजवळ घड्याळं दुरुस्त करत. माणूस हलका, बोलका. खिडकीतून बाहेर बघत ते मला म्हणाले, "मॅडम, सगळे म्हणते जंगलात वेळ कळत नाही. मी दोन घड्याळं घेऊन आलो. दोन्ही वेगळा टाइम दाखवून राह्यले."

फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन कोवळं होतं. पळस फुलून गेला होता, पानं नाहीत, नुसता केशरी. फाट्यापासून अर्ध्या कोसावर दहा-बारा घरांचा गोंडांचा टोला (मोठ्या गावापासून सुटी वस्ती) होता. सारवलेली अंगणं, कुडाच्या भिंती, दाराशी बांबूच्या टोपल्या. तिथं आमचा वाटाड्या वाट पाहत उभा होता. नाव दसरू. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं काटक, खांद्यावर कुऱ्हाड आणि कमरेला तुंबा (वाळवलेल्या भोपळ्याचं पाण्याचं भांडं). शेजारी सायकल धरून खाकी कपड्यातला नाकेदार (वनरक्षकाला इकडे नाकेदार म्हणतात) होता.

"वरच्या साहेबांची चिठ्ठी पोचली," नाकेदार वकीलसाहेबांना म्हणाला. "हा आपला आगीवरचा माणूस आहे. उन्हाळाभर वणव्यावर नजर ठेवाले खात्यानं रोजंदारीवर ठेवला. आजचा दिवस तुमाले दिला. पण साहेब, कुठी बोलू नका. त्याची आज ड्यूटी आहे."

"निश्चिंत राहा," वकीलसाहेब हसून म्हणाले.

वाटेला लागल्यावर बाकीचे आपसात बोलत होते. मी दसरूच्या मागोमाग चालत होते. विचारलं, "भाऊ, नदीले पाणी किती आहे आता?"

तो चालता चालता थांबला आणि वळून माझ्याकडे बघू लागला. "तुमी कुठच्या, बाई?"

"सावलीकडची."

"मंग त घरच्याच," तो म्हणाला आणि त्यानंतर तो जे काही दाखवी ते आधी मला दाखवी. सांबराचे खूर उमटलेली ओली रेती. अस्वलानं मोहाच्या बुंध्यावर ओढलेले ओरखडे. येनाच्या (ऐनाच्या) खोडात साठलेलं पाणी. मी ते मागच्यांना समजावून सांगे आणि वकीलसाहेब म्हणत, "वा! आमच्या बाई म्हणजे दुभाषी झाल्या." मला ते आवडत होतं. खोटं कशाला बोलू.

नदीच्या अलीकडे मोहाची सात-आठ झाडं होती. फुलं गळायचे दिवस. झाडांखाली बायका वेचत बसल्या होत्या आणि हवेत तो गोड, जड वास होता. एका झाडाखालची जमीन तर अंगणासारखी लख्ख झाडलेली. तिथं वेचणारी बाई दसरूची बायको निघाली. मी तिला विचारलं की इतर ठिकाणी मोहाखाली पाला जाळून जमीन मोकळी करतात, तशी काळी राख इथं का दिसत नाही.

"आमच्या झाडाखाली काडी नाई लावत," ती म्हणाली. "याची नोकरीच आगीची. मी खराट्यानं झाडतो, मंग वेचतो. लोकं हसते. हसू दे." (आमच्याकडे बायाही 'झाडतो', 'वेचतो' असंच बोलतात.)

तिनं ओंजळभर फुलं माझ्या हातात दिली. मी दोन तोंडात टाकली. वकीलसाहेबांनी एक उचलून हुंगलं आणि लांब फेकलं. "अरे, ही तर सकाळीच चढायची!" सगळे हसले. तीही हसली, पण जरा उशिरा.

मार्चमधली अंधारी म्हणजे रुंद रेती आणि तिच्यातून एका कडेनं वाहणारं घोटाभर पाणी. मधूनमधून डोह. डोहांवर कहूची (अर्जुनाची) झाडं वाकलेली आणि त्यांच्या पांढऱ्या खोडांची सावली पाण्यात हलत असलेली. पलीकडे सागाचं रान, पानं सगळी खाली पडलेली, चाललं की कागद चुरगळल्यासारखा आवाज येणारी. आलापल्लीचा साग मोठा म्हणतात, पण इथलाही मान वर करायला लावणारा होता. एका ठिकाणी नदी ओलांडताना रहीमभाई शेवाळावरून घसरले आणि पिशवीसकट पाण्यात बसले. दोन्ही घड्याळं बंद पडली. "चला," ते बसल्या बसल्याच म्हणाले, "आता दोघांचा टाइम एक झाला."

वाटेत दसरूनं मला जाळरेषा दाखवली. रानातून सरळ गेलेला, पाला झाडून काढलेला पट्टा. आग लागली तर इथं येऊन तिला खायला काही उरू नये म्हणून. हा पट्टा एक कोसभर त्यानं आणि आणखी एका माणसानं मिळून केला होता. "औंदा एकबी वणवा नाई लागला माह्या हद्दीत," तो म्हणाला. हे सांगताना त्यानं कुऱ्हाड उगाच एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. पुढं एका सावलीत त्यानं तुंब्यातली आंबील पळसाच्या पानांच्या द्रोणांत ओतून सगळ्यांपुढं धरली. मी आणि रहीमभाईंनी घेतली. बाकीच्यांनी पाण्याच्या बाटल्या दाखवल्या.

दुपारी एका डोहाशी थांबलो. काठावर बांबूची बेटं, कहूची सावली, समोर पाणी. रहीमभाईंनी खिचडीचं सामान काढलं. चुलीसाठी तीन दगड सावलीत मांडू लागले तसा दसरू पुढं आला.

"साहेब, चूल रेतीत मांडा. इथी पाला आहे. दुपारच्याले वारा सुटते."

"काय म्हणतो?" वकीलसाहेबांनी मला विचारलं. त्यांना कळलं नव्हतं असं नाही. मी सांगितलं.

"रेतीत? या उन्हात? त्याला म्हणावं, आम्ही काही आज पहिल्यांदा चूल मांडत नाही."

मी दसरूकडे वळले. "भाऊ, आमी जपून करतो. झाल्यावर पाणी ओततो."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं पायानं आणि हातानं दगडांभोवतीचा पाला हातभर लांबपर्यंत सारून काढला. वकीलसाहेबांनी काडी ओढली, ती विझली. दुसरी ओढली तेव्हा मी वाऱ्याच्या बाजूनं पदर आडवा धरला.

खिचडी चांगली झाली होती. दसरू आमच्यापासून चार हात लांब बसून जेवला. ते कुणी सांगितलं नव्हतं आणि इकडे ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या वडिलांना मी असं लांब बसून जेवताना पाहिलं आहे. तरीही मी म्हटलं नाही.

जेवणं झाल्यावर रहीमभाई आणि दसरू मोठं पातेलं घासायला डोहावर गेले. मंडळातली बाकीची माणसं पुढच्या वळणावर पोहायला गेली. चुलीवर मी लोटाभर पाणी ओतलं, वाफ उठली. एक लाकूड अजून धुमसत होतं. वकीलसाहेब खोडाला टेकून बसले होते. त्यांनी त्या लाकडाची निखारलेली काटकी मोडून घेतली, तिच्यावर सिगारेट पेटवली आणि काटकी खांद्यावरून मागं टाकली.

ती पाल्यात पडलेली मी पाहिली. उठून विझवावी असं मनात आलं, आणि मी उठतच होते, तेवढ्यात ते म्हणाले, "बसा बाई. तुमच्याशी बोलायचंच होतं. जूनमध्ये दोन जणांना कायम करायचं आहे. तुमचं नाव मी सुचवतो आहे."

मी बसले. ते बोलत होते, मी मान डोलवत होते. निकाल, हजेरी, मुख्याध्यापकांचं मत. किती वेळ गेला सांगता येणार नाही. पाच मिनिटं असतील. मग वारा आला, दसरूनं सांगितला होता तसाच, आणि त्यांच्या पाठीमागून आवाज आला, कुणी फडकं झटकावं तसा.

वणवा मी पुस्तकात शिकवला होता. वर्गात सांगायचे तेव्हा मुलांना खरं वाटावं म्हणून हात वर करून ज्वाळा दाखवायचे. खरा वणवा जमिनीलगत येतो. आधी पाल्याखालून एक लाल रेघ सरकते, मग ती रेघ रुंद होते. बांबूच्या बेटाला पोचल्यावर पेरं फुटू लागली, बंदुकीच्या बारासारखी. वकीलसाहेब उठून सरळ रेतीकडे पळाले. मीही पळाले. दसरू उलट्या दिशेनं, आगीकडे पळाला.

त्यानं कुऱ्हाडीनं हिरव्या डहाळ्या तोडून रहीमभाईंच्या हातात दिल्या आणि ओरडला, "मारा! वरून मारा, हवा देऊ नोका!" दोघं धुरात शिरले. पोहायला गेलेली माणसं ओल्या अंगानं परत आली आणि त्यांतलेही दोघे-तिघे मारू लागले. मग मीही बसायला आणलेलं पोतं पाण्यात भिजवून मारत सुटले. पण आग मारून विझली नाही. ती विझली दसरूनं तिच्या पुढं जाऊन पाला खरडून काढला म्हणून. आडवा पडलेला एक पेटता बांबू त्या मोकळ्या पट्ट्यावरून पलीकडे आग नेणार होता. तो त्यानं दोन्ही हातांनी धरून ओढत नदीत आणला. हात सोडले तेव्हा तळव्यांची कातडी बांबूला चिकटलेली होती.

जळलं ते आमच्या शाळेच्या मैदानाएवढं. रानाच्या मानानं काही नाही. दसरू पाण्यात हात बुडवून बसला होता आणि मोजत असल्यासारखा काळ्या जमिनीकडे बघत होता.

धूर पाहून नाकेदार सायकल मारत आला. त्यानं चूल पाहिली, भांडी पाहिली, दसरूचे हात पाहिले. सगळं त्याला एका नजरेत कळलं. ते त्याच्या चेहऱ्यावर मी स्पष्ट पाहिलं. मग वकीलसाहेब त्याला बाजूला घेऊन गेले. दोघं कहूच्या झाडाखाली बराच वेळ बोलले. शब्द ऐकू येत नव्हते, पण आधी नाकेदार हात हलवत होता आणि नंतर नुसती मान डोलवू लागला.

परत आल्यावर त्यानं दसरूला विचारलं, "काऊन रे, मोहासाठी पाला पेटवला ना?"

दसरूला आधी समजलंच नाही. "मी? मी त भांडे घासून राह्यलो होतो."

"मोह वेचाचे दिवस आहेत. सारेच पेटवते."

"इथी मोह कुठी आहे, साहेब?" दसरू म्हणाला. खरंच, तिथं मोहाचं एकही झाड नव्हतं.

रहीमभाई पुढं झाले. त्यांच्या भुवया जळल्या होत्या. "साहब, यह तो हमारे साथ था. चूल आमी पेटवली. मी खुद सामान लावलं."

"रहीमभाई, तुम्ही डोहावर होता," वकीलसाहेब शांतपणे म्हणाले. "आग कशी लागली ते तुम्ही पाहिलं का? नाही ना? मग न पाहिलेलं सांगू नये. उद्या कुणी तुमच्यावरच आणलं तर?" रहीमभाई एक पाऊल मागं सरले. त्या 'तुमच्यावरच' या शब्दाचा अर्थ त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळला असावा.

मग दसरू म्हणाला, "या बाईले विचारा. बाई चुलीजवळच होत्या."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. प्रश्न मिटला अशा सुरात तो बोलला.

नाकेदार माझ्याकडे वळला. "बोला, बाई. तुमी शिकवणाऱ्या माणूस. तुमी पाह्यलं का?"

आजही मला वाटतं की मी बोलावं असं त्याला हवं होतं. मी बोलले असते तर त्याला कदाचित सुटल्यासारखं झालं असतं. वकीलसाहेब माझ्याकडे बघतही नव्हते. ते रुमालानं चष्मा पुसत होते.

मी म्हणाले, "मी नदीवर गेले होते. मला दिसलं नाही."

हे मी शुद्ध मराठीत म्हणाले. सकाळपासून दसरूशी त्या भाषेत एक वाक्य बोलले नव्हते.

नाकेदारानं सायकलच्या कॅरिअरवर कागद ठेवून पंचनामा लिहिला. वर्दीतला माणूस लिहू लागला की सगळं कसं सोपं होतं. रोजंदारीवरील मजूर दसरू हा कामावर गैरहजर राहून मोहफुलं वेचण्यासाठी पाला जाळत असता आग पसरली, सहलीस आलेल्या नागरिकांनी ती विझवण्यास मदत केली. सहल आणि नागरिक हे शब्द वकीलसाहेबांनी सुचवले. मग पंच म्हणून सही हवी होती. "बाईंची घ्या," वकीलसाहेब म्हणाले, "शिक्षिकेच्या सहीला वजन असतं." दुसरी सही त्यांनी रहीमभाईंकडे मागितली. रहीमभाई म्हणाले, "माझा हात नाही चालत साहेब, भाजला आहे," आणि पिशवी उचलून रेतीतून एकटेच परत फाट्याच्या दिशेनं चालू लागले. त्यांचा हात भाजला नव्हता. दुसरी सही मंडळातल्या आणखी कुणीतरी केली.

मी कागद वाचला. नीट, पूर्ण. खाली सही केली, पूर्ण नावानं, वडिलांच्या नावासकट.

दसरूचा अंगठा घ्यायचा होता. पुरुषाचा डावा अंगठा घेतात. डावा पार सोलला होता, म्हणून उजव्याचा घेतला. शाई लावताना त्यानं दात आवळले. नाकेदारानं कुऱ्हाड सायकलला बांधली आणि दोघं निघाले, नाकेदार सायकल ढकलत पुढं आणि दसरू हात अंगापासून लांब धरून मागं. जाताना त्यानं एकदाही वळून बघितलं नाही.

तुम्हाला वाटेल त्यानंतर आम्ही परतलो असू. नाही. वकीलसाहेब म्हणाले, आता संगम तासाभरावर आहे, नदी सोडली नाही की वाट चुकत नाही. आणि आम्ही चालू लागलो. तासाभरानं रान मागं पडलं आणि समोर वैनगंगा उघडली. एवढं मोठं पाणी, एवढी मोठी रेती. अंधारी तिला इतकी हळू मिळते की कुठं मिळाली ते बोट ठेवून दाखवता येत नाही. पलीकडच्या काठावर कलिंगडांच्या वाड्या होत्या, अलीकडे ढिवर (मासेमारी करणारे) जाळी वाळवत होते. त्यांतल्या एकानं विचारलं, "वरत्या अंगाले धूर कायचा होता जी?" कुणी तरी म्हणालं, "मोहवाले." तिथं आमचा फोटो काढला. त्यात मी पुढच्या रांगेत आहे, साडीला राख लागलेली आहे आणि मी हसते आहे.

पुढचा आठवडा मी शाळेत शिकवलं. काय शिकवलं आठवत नाही. रहीमभाईंच्या दुकानावरून गेले तर त्यांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं नाही. शनिवारी मी कागद घेऊन बसले आणि जे घडलं ते सगळं लिहिलं. काटकी, सिगारेट, माझं खोटं. शेवटी लिहिलं की पंचनाम्यावरची माझी सही मी मागं घेते. तो कागद पर्समध्ये ठेवून रविवारी सकाळची तीच एसटी धरली. बेत असा की आधी दसरूला भेटायचं आणि सोमवारी रजा टाकून खात्याच्या कार्यालयात जायचं.

दसरू अंगणात बाजेवर बसला होता. दोन्ही हातांना हळद-तेलाच्या चिंध्या गुंडाळलेल्या. बायको त्याला भात भरवत होती. मला बघून तिनं भांडं खाली ठेवलं. तिनं पाणी आणून दिलं, कारण दारात आलेल्याला पाणी द्यायचं असतं, आणि मग कुडाला टेकून उभी राहिली.

मी मलम पुढं ठेवलं. मग कागद काढून वाचून दाखवला, त्यांच्या भाषेत सांगत सांगत. दसरूनं सगळं ऐकलं.

"काम गेलं का, भाऊ?" मी विचारलं.

"गेलं. दुसरा ठेवला. एक दिवस बसवून ठेवलं, मंग सोडलं. आता केस-बिस नाई म्हणते." त्यानं हनुवटीनं माझ्या हाताकडे दाखवलं. "हा कागद कुठी देता?"

"हापिसात. उद्या."

"नोका देऊ."

मला वाटलं त्याला समजलं नाही. मी परत सांगू लागले. त्यानं चिंध्यांचा हात वर केला.

"समजलं, बाई. तुमी देसान आन चांद्याले जासान. नाकेदार खोटा पडला त थो मले सोडन का? रोज याच वाटेनं जाते थो. बांबूकटाईचं काम त्याच्याच हाती, सरपणाची गाडी त्याच्याच हाती. मले इथीच राहाचं आहे."

"पण खरं काय ते..."

"खरं मले ठाऊकच आहे," तो म्हणाला. "त्यालेबी ठाऊक आहे. तवा तुमी बोलल्या असत्या त कामाचं होतं. सारे उभे होते, चूल गरम होती. आता कागद काय करन?"

त्याची बायको कुडापासून एक पाऊल पुढं आली. ती म्हणाली, "तवा काऊन नाई बोलल्या, बाई?"

मी नोकरीचं सांगितलं. कायम व्हायचं आहे, घरी वडील म्हातारे आहेत. सांगताना मलाच ऐकू येत होतं की ही त्याचीही कारणं आहेत, शब्दन् शब्द. नोकरी, घर, म्हातारी माणसं. फक्त त्याला ती कुणी विचारली नव्हती.

"मंग नोकरी सांभाळा," ती म्हणाली. रागानं नाही. जाणाऱ्याला वाट दाखवावी तसं. मलम तिनं उचलून परत माझ्या हातात दिलं.

जूनमध्ये मी कायम झाले. वकीलसाहेबांनी कागद स्वतःच्या हातानं दिला आणि म्हणाले, "तुम्ही समजूतदार आहात, म्हणून पुढं जाल." वडिलांनी गावात पेढे वाटले. मंडळात मी परत गेले नाही, पण यात माझा काही मोठेपणा नाही. न जाण्यात मला काही गमवावं लागत नव्हतं.

लोक म्हणतात, चूक कळली की माणूस अर्धा सुटतो. मला तसं दिसत नाही. चूक मला त्याच दुपारी, शब्द तोंडातून निघताना कळली होती. ज्या वेळी एक वाक्य पुरलं असतं त्या वेळी ते मी खिशात ठेवलं, आणि आठ दिवसांनी चार पानं घेऊन गेले, तेव्हा ती पानं म्हणजे ज्याचं जळलं त्याच्याच डोक्यावर आणखी एक ओझं होतं.

आणि तरी या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज वाटते ती त्या रविवारच्या परतीची. टोल्यावरून फाट्यापर्यंत मी भरभर चालत आले. तो नको म्हणाला होता. मी विचारलं होतं, त्यानं नको म्हटलं होतं. आता मला उद्या कार्यालयात जायचं नव्हतं, रजा टाकायची नव्हती, कुणासमोर उभं राहायचं नव्हतं. एसटी आली, खिडकीजवळची जागा मिळाली. कागद पर्समध्ये होता, मलम पर्समध्ये होतं. पळस अजून फुललेला होता. आठ दिवस माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. गाडी सुटली, वारा लागला आणि मला इतकी गाढ झोप लागली की चांद्याच्या स्टँडवर कंडक्टरनं खांदा हलवून उठवलं, "उतरा बाई, आलं," तेव्हा क्षणभर मला कशाचीच आठवण नव्हती.